अलजियाच्या हातचा बसीसा

मतमाताच्या डोंगरात जमिनीखाली कोरलेल्या घरांत स्वयंपाकघर सर्वांत आत, काळोखात असतं. तिथे जव भाजताना डोळ्यांचा काही उपयोग नाही. दाणा झाला की नाही ते नाकानेच ओळखायचं. आणि अलजियाच्या नाकाचा अख्ख्या वस्तीत दरारा होता. शेजारच्या चुलीवर मेथी जरा जास्त भाजली गेली तरी ही आपल्या अंगणातून ओरडायची, "अगं ए हद्दा, नवऱ्याला कोळसा चारायचाय का?"

चाळीस वर्षं तिने दारी आलेल्या वाटसरूंना बसीसा खाऊ घातला. भाजलेले जव, हरभरे, मेथी, धणे जात्यावर दळायचे, मडक्यात भरून ठेवायचे आणि पाहुणा आला की ऑलिव्हच्या तेलात कालवायचे. उन्हातून आलेल्याला तेच पीठ थंड पाण्यात घोळून द्यायचं. आधी मेंढपाळ आणि फेरीवाले यायचे, मग गाड्या भरून परदेशी येऊ लागले. त्यांना आणणारा वाटाड्या तिजानी पहिला घास गेला की विचारायचा, "हात कुणाचा?" हे विचारायचंच असतं, आणि घरातल्या वडीलधारीने उत्तर द्यायचं असतं. अलजिया ओढणी सावरून म्हणायची, "माझा." नवरा गेल्यापासून ती या एका शब्दावर जगत होती म्हणा ना.

गेल्या हिवाळ्यात ती तापाने पडली. उठली तेव्हा नाकाला वास येईनासा झाला होता. पुदिन्याचा नाही, धुराचा नाही, कशाचाच नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर झारा सुनेच्या हाती गेला असता आणि हिला कोपऱ्यात बसवून चहा दिला असता. सून रीम वाईट नव्हती, पण झारा सोडायला कुणाचं मन होतं? अलजिया हाताला लागणाऱ्या धगीवरून भाजत राहिली, तिथेच काळोखात दळून मडक्यात भरत राहिली. पाहुणे बोटं चाटत होते. 'जमतंय की,' असं ती स्वतःला सांगायची.

एका सकाळी शेळी व्यायला झाली म्हणून ती गोठ्यात गेली. एरवी तिकडे रीमच बघायची. गव्हाणीत पीठ पडलं होतं. तिने मूठभर उचलून दारातल्या उजेडात धरलं. काळं ठिक्कर! दळण मात्र तिचंच. घरात बसीसा दुसरं कुणी दळत नव्हतं.

रीम पाण्याची बादली घेऊन आली आणि जागीच थांबली.

"किती दिवस?" अलजियाने विचारलं.

"आई..."

"किती दिवस गं?"

"तापातून उठलात तेव्हापासून. पहिल्याच खेपेला करपला. पाहुणे यायचे होते, म्हणून मी दुसरा भाजला आणि मडकं बदललं. मग... तेच करत गेले."

"आणि मी माझा, माझा म्हणून मिरवत होते. तू ऐकत होतीस."

"तुम्हाला बरं वाटायचं, आई."

अलजियाला राग यायला हवा होता. आला नाही. शिवी घालायची तर पोरीचं चुकलं काय होतं?

दुपारी तिजानी चार पाहुणे घेऊन आला. घास गेले, माना डोलल्या. तिजानीने विचारलं, "हात कुणाचा, मावशी?"

"रीमचा."

"थट्टा करतेस होय?" तिजानी हसला.

"कान गेले का रे तुझे? रीमचा म्हटलं ना!"

रीम ताट तिथेच टाकून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी रीम जव भाजायला बसली. अलजिया तिच्याजवळ काळोखात जाऊन बसली.

"आला वास?"

"आला."

"कसा आहे?"

"चांगला... भाजल्याचा."

"भाजल्याचा म्हणजे कसा? नीट सांग ना."

रीमने दोनदा तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना. अलजियाने डोळे मिटून आठवून पाहिलं. चाळीस वर्षं नाकात बसलेला तो वास तिलाही आठवेना, आणि मग मात्र ती सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.