मामांचा गुन्हा

निर्दोष सुटल्याबद्दल आयुष्यभर चिडून राहिलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच झाला, आणि ते माझे थोरले मामा. बेचाळीसच्या श्रावणात पौडच्या अलीकडे ओढ्याजवळच्या खांबावर चढून त्यांनी सरकारी टेलिफोनची तार तोडली. ही गोष्ट गावाला ठाऊक होती आणि मामीला तर होतीच, कारण खांबावर फाटलेलं धोतर तिनंच शिवलं होतं. ठाऊक नव्हती ती फक्त कोर्टाला. बरोबरचे दोघे खांबाखालीच पकडीसकट सापडले. मामा तोंड झाकणारं पानांचं इरलं डोक्यावर घेऊन भातखाचरांतून पळाले आणि चार दिवसांनी घरी पकडले गेले. पुण्यात तिघांवर सरकारविरुद्ध बंड केल्याचा खटला भरला. 'हे कोर्ट मी मानत नाही' असं सुरू होणारं एक जळजळीत भाषण मामांनी पाठ करून ठेवलं होतं. ते करायची पाळीच आली नाही. पाठलाग करणारा हवालदार साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, "पाऊस लई व्हता. पळनाऱ्याचं इरलं दिसलं. आत मानूस कोन, ते शपथंवर सांगता येनार न्हाई." श्रावणात आमच्या मावळात माणसं तेवढी इरली. मामांना संशयाचा फायदा मिळाला. "साहेब, म्या…" म्हणत ते उठले होते, पण वकिलांनी बाही धरून त्यांना खाली बसवलं. दोघे सोबती येरवड्याला गेले आणि मामा भात कापायला घरी आले.

स्वातंत्र्यानंतर पंधरा ऑगस्टला त्या दोघांना हार घालून खुर्च्यांवर बसवत. मामा गर्दीत उभे राहून, कुणी विचारो न विचारो, शेजाऱ्याला सांगत, "तिसरा म्या. फकस्त शाबीत न्हाई झालं." लग्नात नवे व्याही भेटले की नाव-गाव सांगायच्या आधी ते तारेचं सांगत. कुणी शंका घेतलीच, तर त्याला ओढ्यापर्यंत चालवत नेत आणि पन्नाशीच्या वयात खांबावर चढून दाखवत. मामी खालून म्हणे, "उतरा आता. सरकार बदललं." गंमत म्हणजे दुसऱ्यावर आळ आला की हेच मामा पक्के कायद्याचे होत. एकदा कोंबडी नाहीशी झाली म्हणून वाडीवरच्या एका कातकऱ्याला लोक मारायला निघाले, तर मामा आडवे उभे राहिले. "कुनी पायलं? पायलं न्हाई, तर हात लावायचा न्हाई." कोंबडी संध्याकाळी आपल्या पायांनी परत आली. मामी म्हणाली, "दुसऱ्याला पुरावा लागतोय, सोताला मातर बिनपुराव्याची शिक्षा पायजे."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कुणीतरी पौड रस्त्यावर झाड तोडून आडवं टाकलं. पोलिसांनी गावातले काही जण उचलले आणि जुना बंडखोर म्हणून मामांनाही नेलं. मामी रडत होती आणि मामांचा चेहरा लग्नाला निघाल्यासारखा होता. जामिनावर सुटले ते तालुकाभर निरोप घेत फिरले. खटल्याच्या दिवशी दाढी करून, कोट घालून ते पिंजऱ्यात उभे राहिले. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो, मागच्या बाकावर बसलो होतो. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मामांनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण झाड त्यांनी तोडलं नव्हतं. ते नेऱ्याला नातीच्या बारशाला गेले होते. त्यांचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. न्यायाधीशांनी नाकबूल लिहून घेतलं. मग एक तरुण शिपाई साक्षीला आला आणि घडाघडा म्हणाला, "या सगळ्यांना कुऱ्हाड चालवताना मी डोळ्यांनी पाहिलं. हे म्हातारे पुढे होते."

मामांनी पिंजऱ्याची कड धरली. "साहेब, ह्यो मानूस खोटं बोलतुया. म्या त्या दिशी बारशाला व्हतो. नेऱ्याला कुनालाबी इचारा."

"मग मघाशी का बोलला नाहीत?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मघाशी मला जेलात जायचं व्हतं."

कोर्टात हशा पिकला. "आणि आता?"

"ह्येच्या खोट्यावर न्हाई जायचं."

नेऱ्याचे व्याही साक्षीला आले, शिपायाची साक्ष कोसळली आणि तिच्यावर टांगलेले बाकीचेही सुटले. परतीच्या एसटीत मी मामांच्या चिडण्याची वाट पाहत होतो. पौड जवळ आल्यावर ते म्हणाले, "त्यो आपला हवालदार जिता आसंल का रं?"

तो लवळ्याला होता. नोकरीतून निवृत्त होऊन शेती करत होता. मामा आंबेमोहराचं पोतं घेऊन गेले, बरोबर मी. ओट्यावर चहा आला. मामा म्हणाले, "खरं सांगा, तवा मला वळखलं न्हवतं?"

"संशय व्हता," हवालदार म्हणाले. "संशय साहेबाला सांगायचा, कोर्टाला न्हाई. साहेब म्हनला, नाव घे. म्हनलं, इरलं पायलं, इरल्याचं काय नाव सांगू?"

"मंग?"

"मंग काय. बढती ऱ्हायली, बदली झाली." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पन तुमी सुटलात त्येचा यवढा राग?"

"व्हता," मामा म्हणाले.

तेव्हापासून दर सुगीला पोतं लवळ्याला जाऊ लागलं. दोघे ओट्यावर बसून त्या खटल्यावर भांडत. आपण नेमके कुठल्या बांधावरून पळालो यावरही त्यांचं एकमत होत नसे. पंधरा ऑगस्टची कुरकुर मामांनी सोडली असं म्हणवत नाही, पण तिच्यातला राग गेला, नुसती सवय उरली.

हवालदार गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गावातच होतो. मामा चप्पल न घालताच निघाले. लवळ्यात तिरडी बांधून झाली होती. भावकीतल्या एकानं अनोळखी म्हातारा पुढं येताना पाहून हळूच विचारलं, "पाव्हणं, तुमी यांचे कोन?"

मामांनी एकदा तिरडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आरोपी." आणि खांदा द्यायला वाकले.