भरतीने वर आलेली गाडी

माझा धाकटा भाऊ बाबल गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, सुरेखाने केला. मी सावंतवाडीहून मालवणला पोचलो तेव्हा त्याच्या दुकानासमोर माणूस मावत नव्हता. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट... बाबलने तरुणपणी वडिलांची मोटारसायकल खाडीत कशी बुडवली आणि पुन्हा चालू कशी केली. गेल्या महिन्यात वर्तमानपत्राच्या एका पुरवणीतही तीच छापून आली. त्या गोष्टीचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध मात्र खोटा आहे, आणि ते डोळ्यांनी पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे.

जुन्या मोटारसायकली आणि त्यांचे सुटे भाग हा आमचा घरचा धंदा. वडिलांनी तो एका विलायती गाडीवर उभा केला. ती विकायची नाही, हा घरचा नियम होता. तारकर्लीच्या खाडीपलीकडे एका लग्नात नवरदेवाला तीच गाडी हवी होती, म्हणून ती पोचवायचे काम आम्हा भावांवर आले. पूल नव्हता. दोन होड्या एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि गाडी आडवी निजवून न्यायची, ही तिथली रीत. मी थोरला. आडवी केली तर तेल सांडेल, नवा रंग खरवडेल, म्हणून मी ती उभी बांधायला लावली.

"दादा, आडवी घाल," बाबल म्हणाला. "होडयेत देव पण बसान जातत."

"तू गप रव, दोरी धर," मी म्हणालो.

त्याने दोरी धरली. मध्यावर एक मोठी होडी जवळून गेली, लाट आली, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली...

घरी वडिलांनी विचारले, "उभी कोणी केल्यान रे?"

"मियां केलंय, बाबा," बाबल म्हणाला. माझे लग्न ठरत होते आणि दुकान माझ्या हाती यायचे होते. मी तोंड उघडले नाही. वडिलांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि दुकानाची पायरी चढायची नाही म्हणून सांगितले. त्या दिवसापासून गावाने त्याला 'बुडयो', म्हणजे बुडवणारा, म्हणायला सुरुवात केली.

बुडयो दुसऱ्याच दिवशी आमच्या मामेभावांना घेऊन खाडीवर गेला. ते मासेमारी करणारे, खाडीचा तळ त्यांना ठाऊक होता. ओहोटीला बुडी मारून त्यांनी गाडीला दोर बांधले आणि दोर वरच्या होड्यांना ताठ आवळले. मग किनाऱ्यावर बसून विड्या ओढल्या. भरती चढली, होड्या चढल्या आणि होड्यांबरोबर गाडीही गाळातून सुटली. एवढे अवजड धूड समुद्राने स्वतः उचलून दिले! मी किनाऱ्यावर उभा राहून पाहत होतो. आनंदाने ओरडावेसे वाटले, पण लाज वाटली.

इंजिन त्याने गोठ्याजवळच्या दगडी डोणीत, गोड्या पाण्यात बुडवून ठेवले.

"मेल्या, ढोरांनी पाणी खंय पियाचा?" वडील ओरडले. किती दिवसांनी ते त्याच्याशी बोलत होते!

"वाऱ्यार काढलंय तर गंज खायत, बाबा. पाण्यात आसा तवसर काय होवचा नाय."

एकेक भाग बाहेर काढायचा, पुसायचा, तेलात टाकायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दुकानात जायची बंदी, म्हणून त्याने माडाखाली चटई टाकली. नवे भाग मिळत नव्हते. गोव्यातल्या भंगारात हिंडून पिस्टन आणला. मी रात्री दुकानातले पाने गुपचूप नेऊन देत असे. तेवढेच माझे प्रायश्चित्त.

आणि एका सकाळी ती सुरू झाली. वडील दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून अंगणात आले, बाबलच्या मागे बसले आणि म्हणाले, "बाजारातसून घे." साबण लावलेले वडील आणि खदखदून हसणारा बाबल धक्क्यापर्यंत जाऊन आले. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या सोडून उभ्या राहिल्या. परतल्यावर वडिलांनी दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. मी सावंतवाडीला शिक्षकाची नोकरी धरली. पुढे पुण्याहून, बेळगावहून लोक मेलेल्या गाड्या घेऊन बाबलकडे येत आणि चालवत घरी जात.

खरे सांगून टाकतो, असे मी त्याला कितीदा म्हणालो. तो हसायचा. "नको रे दादा, गिऱ्हाइका ती गोष्ट ऐकूकच येतत. धंदो बुडवतलंस काय?" मीही ते सोयीने मानले...

बाराव्याला मी सगळ्यांसमोर सांगितले. सुरेखाने फक्त माझ्या ताटात आणखी खीर वाढली.

परवा पुन्हा गेलो. दुकान तीच चालवते. कोल्हापूरच्या एका पाहुण्याने आत येताच विचारले, "तुमच्या वडिलांनी बुडवलेली गाडी ती हीच का?"

सुरेखाने मान वर न करता, कार्ब्युरेटर पुसत, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असे सांगितले, "बुडवल्यानी ती ह्या काकांनी. ते बसलेत बघा. माझ्या बापाशीन वर काढल्यान."

सगळे माझ्याकडे पाहून हसले. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "होय. मीच तो बुडयो."