आधी सांगायचे नाही

गणित शिकवताना मी प्रत्येक तास एकाच रीतीने सुरू करत असे. आज काय शिकणार आहोत ते आधी सांगायचे, मग उदाहरण सोडवायचे, शेवटी उजळणी. डोंबिवलीच्या शाळेत सव्वीस वर्षे या पद्धतीने मला कधी दगा दिला नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी समारंभांतून जादूचे प्रयोग करू लागले, तेव्हा मात्र तिनेच माझे पहिले दोन कार्यक्रम पाडले.

हात तयार होते. पेंगुळलेल्या वर्गाला जागे करण्यासाठी शिकलेले दोरीचे आणि नाण्यांचे प्रयोग मी पुढे अनेक सुट्ट्या खर्चून रीतसर घोटले होते. त्यामुळे दोष कुठे आहे, हे मला समजेना. ते दाखवून दिले माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता समारंभांचे आयोजन करतो. माजिवड्याला त्याचे ऑफिस आहे. शीळफाट्याजवळच्या हॉलमधला माझा दुसरा कार्यक्रम संपल्यावर त्याने मला बोलावून घेतले आणि मोबाइलवर त्या कार्यक्रमाचे चित्रण लावले.

"बाई, रागावू नका. पण हे ऐका."

पडद्यावर मी स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगत होते, "आता मी ही दोरी कापणार आहे. त्यानंतर ती पुन्हा अखंड होईल."

"सगळं आधीच सांगून टाकता तुम्ही. मग पब्लिक तुमच्या हातांवरच टपून बसतं. बाई, तुम्ही जादू दाखवत नाही, शिकवता."

"मुद्दा बरोबर आहे," मी म्हणाले.

"रविवारी बाळकुमच्या एका सोसायटीचं गॅदरिंग आहे. तेवढं करू. नाही जमलं तर तुम्ही सूत्रसंचालन घ्या. तुमचा आवाज भारी आहे, त्याला तोड नाही."

सूत्रसंचालन हे वाईट काम नव्हे. परंतु दुसऱ्यांची ओळख करून देत उभे राहण्यासाठी मी शाळा सोडली नव्हती. आवाजाची स्तुती मला त्या दिवशी शिक्षेसारखी वाटली.

घरी आल्यावर मी प्रयोगाचे प्रत्येक वाक्य वहीत उतरवले आणि पुढे काय घडणार हे सांगणारे प्रत्येक वाक्य लाल शाईने खोडले. पान जवळजवळ लालच झाले. मग यजमानांना समोर खुर्चीत बसवले. नियम एकच : पुढे काय होणार हे त्यांना माझ्या बोलण्यावरून ओळखता आले, तर पहिल्यापासून सुरुवात.

"आता गाठ नाहीशी होणार," ते म्हणाले.

"कशावरून?"

"तू घसा साफ केलास. महत्त्वाचं सांगायच्या आधी तू नेहमी घसा साफ करतेस."

पुन्हा पहिल्यापासून. शनिवारपर्यंत त्यांना तो प्रयोग माझ्याइतकाच पाठ झाला होता. तरीही ते तक्रार न करता बसून राहिले.

रविवारी संध्याकाळी बाळकुमच्या त्या सोसायटीत मी व्यासपीठावर उभी राहिले. पहिल्याच रांगेत मूळ बाळकुम गावातल्या एक वृद्ध बाई ऐसपैस बसल्या होत्या. आयोजक मागे भिंतीला टेकून उभा होता. मी दोरी दाखवली, कापली आणि गप्प राहिले.

वर्गातली शांतता माझ्या मालकीची असे. ही प्रेक्षकांच्या मालकीची होती. "ती पुन्हा अखंड होईल" हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसले. मी दात घट्ट मिटले.

"तुटली ना गो तुझी दोरी," त्या वृद्ध बाई म्हणाल्या. "आता कपडं कशावर वालत घालशील?"

सगळे हसले. मीही दोन्ही तुकड्यांकडे खजील झाल्यासारखे पाहिले.

"बगतेस काय? गाठ मार."

मी आज्ञाधारकपणे गाठ मारली. लोक अजून हसतच होते. नवी जादूगारीण फसली, याची बहुतेकांना खात्री पटलेली असावी. तेव्हा मी ती गाठ मुठीत धरली आणि दोरीवरून सावकाश सरकवत नेली. गाठ दोरीच्या टोकावरून निसटून माझ्या हातात आली. मागे उरली ती अखंड दोरी. हसू थांबले. कुणीतरी पुढची खुर्ची सरकवून उभे राहिले आणि मग टाळ्या आल्या. मी दोरी त्या वृद्ध बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली, बोटांनी चाचपली.

"कसा केलास गो?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मी एकदाही अनुत्तरित ठेवला नव्हता. न समजलेल्याला समजावून सांगणे, हेच तर माझे काम होते. त्यांचा चेहरा अगदी खऱ्या कुतूहलाने वर झाला होता. त्या क्षणी गप्प राहणे मला सबंध प्रयोगापेक्षा अवघड गेले. मी फक्त हात जोडले आणि नाण्यांकडे वळले.

कार्यक्रम संपल्यावर मी सामान आवरत असताना आयोजक जवळ आला. वृद्ध बाईंकडून आणलेली दोरी त्याने दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिली.

"बाई, मला तरी सांगा. मी तुमचा स्टुडंट आहे."

"आधी पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांग."

त्याने सांगितली. एक नव्हे, दोन सांगितल्या, दोन्ही कल्याणच्या. मी त्या लिहून घेतल्या, दोरी त्याच्या हातातून काढली आणि पेटी बंद केली.