तापल्यावर येणारा आवाज

काका ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांना एक घड्याळ दिलं आणि भंगारात निघालेले तीन जुने लेझर प्रिंटर घरी न्यायची परवानगीही दिली. घड्याळ कपाटात गेलं. प्रिंटर मागच्या बाल्कनीत आले आणि काकूंना कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

"ही धुडं कशाला आणलीत?"

"धुडं काय म्हणतेस! आताची यंत्रं हात लावला की मोडतात. ही आपल्यानंतरही चालतील."

ऑफिसात तीस वर्षं काकांनी यंत्रंच सांभाळली होती. झाकणावर तळवा ठेवायचा, एक पान काढायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, अशी त्यांची पद्धत. कागद ओढणारं रबर झिजलंय की आत कागदाचा कपटा अडकलाय, हे स्क्रू काढायच्या आधीच ते सांगत. हळूहळू ओळखीपाळखीचे लोक आपापले प्रिंटर घेऊन यायला लागले. टोनरच्या काळ्या भुकटीने काकांचे सदरे कायमचे करडे झाले. काकूंनी त्यावर बोलायचं सोडून दिलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई आपला प्रिंटर घेऊन आल्या. वीसेक पानं नीट निघत, पुढचं पान मागच्या बाजूला चुरगळून अडकत असे. काकांनी रबर बदललं, दहा पानं काढून पाहिली आणि प्रिंटर परत दिला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. या वेळी काकांनी सगळा खोलून ब्रशने साफ केला, एक स्प्रिंग बदलली. चार दिवसांनी वकीलबाई परत आल्या.

"काका, नसेल होत तर राहू द्या. मी नवा घेते."

त्या अगदी सौम्यपणे बोलल्या, पण काकांना ते फार लागलं. "दोन दिवस द्या," एवढंच ते म्हणाले.

दुपारी ते पानामागून पान काढत बसले. काकू जवळच मटार सोलत होत्या.

"बघा, सुरू झाली टकटक," काकू म्हणाल्या.

"कसली टकटक?"

"मागून, उजवीकडून येतेय. आधी नसते. जरा तापलं की येते. मागच्या खेपेलाही येत होती."

काकांनी कान अगदी यंत्राला लावला. त्यांना नुसती घरघर ऐकू आली.

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"काय?"

काकूंनी तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

काका बराच वेळ एकच स्क्रू पुसत राहिले. "झाली दोन वर्षं. मला वाटलं, तुला कळलं नसेल."

"आपला टीव्ही शेजारी त्यांच्या घरात बसून ऐकतात. आणि मला कळणार नाही?"

काकांना हसू आलं, पण डोळे भरले होते. त्यांनी तोंड यंत्राकडे वळवलं. "उजवीकडून म्हणालीस ना?"

टोनर कागदावर भाजून पक्का करणारा भाग मागच्या बाजूला असतो. तो फिरवणारं प्लॅस्टिकचं दातेरी चाक त्यांनी काढून उजेडात धरलं. मधोमध केसाएवढी चीर होती. थंड असताना मिटलेली राहायची. तापलं की उघडायची आणि चाकाचा दाता घसरायचा. काकांनी एका जुन्या सांगाड्यातलं चाक काढून बसवलं आणि साठ पानं काढली. दर दहा पानांनी ते काकूंकडे बघत. टकटक येत नाही, असं काकू मानेनेच सांगत.

संध्याकाळी वकीलबाई प्रिंटर न्यायला आल्या. काका म्हणाले, "दोष हिने शोधला. मला हल्ली कमी ऐकू येतं." परक्या माणसापुढे ते हे पहिल्यांदाच बोलले, आणि मग त्यांना मोकळं वाटलं.

पुढे त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. माणसांचं बोलणं त्यात छान ऐकू येतं, पण पंखा आणि प्रिंटर सारखेच वाजतात. त्यामुळे ऐकायचं काम काकूंकडेच राहिलं.

आता कोणी दारात येऊन "काका आहेत का?" म्हणून विचारलं की काकू हात पुसत बाहेर येतात.

"आहेत. पण आधी चालू करून दाखवा, मला ऐकू दे."