उजवीकडची चौकट

शरीररचना शिकवणाऱ्या बाई तशा लोण्याहून मऊ. पण त्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात त्यांच्या खोलीपुढून पाय वाजवत जायची कुणाची छाती झाली नाही.

झालं होतं असं. बाईंचा अभ्यास उंटाच्या अधिवृक्क ग्रंथींवर. दोन्ही ग्रंथींचा आतला भाग दाखवणारा तक्ता करून वर पाठवायचा होता, बढती त्यावरच अडलेली. मूत्रपिंडांपाशी चरबीत दडी मारून बसलेल्या या दोन ग्रंथी दिसायला एवढ्याशा. पण जनावर बिचकलं की आधी यांचीच धांदल. सकाळी एक म्हातारी उंटीण मेली आणि मालकाने डोळे पुसत स्वतः आणून दिली. ग्रंथी ताज्याताज्या औषधात पडल्या नाहीत तर आतला गाभा नासतो, म्हणून बाई बरण्या आणायला धावल्या. तेवढ्यात चिरफाडीच्या खोलीतले मामा बाईंना खूश करायला निघाले. मूत्रपिंडं काढली, चरबी खरवडली आणि काचेसारखी लख्ख करून ताटात मांडली.

"मामा, चरबी कुठाय?"

"भट्टीत टाकली, बाई. कण ठेवला नाही."

बाई उंटिणीकडे धावल्या. डावी ग्रंथी तेवढी वाचली, कारण उंटाची डावी मूत्रपिंडापासून जरा फटकून राहते. उजवी पडली लगट करणारी; ती चरबीबरोबर जळाली. मामांना त्या इतकं बोलल्या की मामांचा चहा गार झाला.

मग विभागाचे साहेब आले. "एवढं काय त्यात? गाईची उजवी लावा. सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर गुलाबी रंग चढला की कोण ओळखतंय?"

मामांवरचा राग तिथेच विरला आणि हा नवा राग मस्तकात गेला. "उंटाच्या नावाखाली गाय लावू? मग त्या माणसाची उंटीण कशाला चिरली आपण?"

"अर्धा तक्ता मी वर पाठवणार नाही. बढती विसरा."

"विसरले."

तक्ता वर गेला नाही, बढतीही आली नाही. बाईंनी तो वर्गातच टांगला. डावीकडे सगळं रेखीव: बाहेर वेष्टण, त्याखाली पेशींच्या कमानी, मग सरळ रांगा, मग जाळी, मधोमध गाभा. उजवीकडे नुसती चौकट, खाली लिहिलेलं: नमुना हाती लागला नाही.

साहेब त्या भिंतीकडे पाठ करून बसतात. नवी पोरं आली की मामाच पुढे होऊन दाखवतात, "ही डावी उंटिणीची. अन् ही रिकामी माझी."