किनुएच्या तळ्याचं पाणी

मिसोच्या सारात टोफूचे तुकडे सोडले होते, भात वाढून झाला होता आणि आमचे शिगेहारू नेहमीप्रमाणे दुसरा मोजा शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. आमच्या गावात दार सरकवून हाक मारतात, ठोठावत कोणी नाही.

बाहेर शेजारचे तोकुजीसान. टोपीवर बर्फ, हातात काचेची नळी आणि नळीत पिवळं पाणी.

"मिसावोसान, हे हिरवं व्हायला हवं ना?"

नमस्कार नाही, थंडीबद्दल एक शब्द नाही.

"आधी आत या," शिगेहारू म्हणाले. "दार उघडं टाकून आमचेही गोठलेले मासे करताय का?"

ते हसले नाहीत. पूर्वी टोल्याला प्रतिटोला ठरलेला. जन्मभर त्यांनी खालच्या गावापर्यंतची बस चालवली, आणि प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्या आजीला एक तरी चिमटा काढला. पानगळीच्या दिवसांत त्यांची बायको किनुए गेली तेव्हा अंत्यविधीला आलेल्यांना त्यांनी स्वतः चहा दिला, एक कप सांडला नाही. तेव्हापासून काहीही विचारा, "हो, ठीक." जेवलात का म्हटलं, तर ओट्यावरची वाटी बघून सांगायचे.

बागेतलं तळं किनुएचं. "तळं तिचं, हमाली माझी," असं तेच म्हणायचे. पाच रंगीत कार्प होते. सगळ्यांत म्हातारा, पांढरा, कपाळावर लाल टिळ्याचा मासा म्हणजे 'सासूबाई', कारण खायला पहिली आणि बघायची ती तिरकीच. हिवाळाभर किनुए दर सोमवारी नळीत तळ्याचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. हिरवं झालं तर बरं. पिवळं झालं तर पाणी आंबट.

सार तसंच ठेवून आम्ही दोघं त्यांच्या मागे गेलो.

तळं दिसतच नव्हतं. काठोकाठ बर्फाचा चिखल.

"हा कुठून आला एवढा?"

"छपरावरून. काल मीच ढकलला."

छपराचा बर्फ वितळवायला आमच्याकडे घरोघरी वेगळं तळं असतं. तोकुजीसानांचं घराच्या डाव्या अंगाला. माशांचं उजव्या.

"चुकून?" मी विचारलं.

"हात चालत होते. मी बघत नव्हतो."

डोंगरातून येणारं आमचं पाणी आधीच हलकं, क्षार कमी, त्यात बर्फाचं म्हणजे अगदीच पोकळ. त्याला आंबट व्हायला वेळ लागत नाही, असं किनुए सांगायची. म्हणून बर्फ पडायच्या आधी ती नळाचं पाणी तळ्यात पडतं त्या तोंडाशी कालवांच्या शिंपल्यांची जाळी टांगायची. शिंपले हळूहळू झिजतात आणि पाण्याला सावरून धरतात. मी जाळी वर ओढली. तळाशी मागच्या वर्षीच्या कपच्या उरल्या होत्या, बोटांत धरल्या तर मोडणाऱ्या.

"यंदा सादोहून शिंपल्यांची गोणी नाही आली?" किनुएचा भाऊ त्या बेटावर राहतो, दरवर्षी तोच पाठवायचा.

"आलीय. दारामागे आहे."

"मग?"

"तिच्या नावाने आली ना. म्हटलं, ती उघडेल."

शिगेहारूंनी उगाच फावड्याचा दांडा पुसला.

एक मासा कडेला मरून पडला होता. बाकीचे खाली, नळाच्या तोंडाशी. सासूबाई एका कुशीवर कलली होती. काठालगत बर्फ घट्ट झालेला. त्यावर शिगेहारूंनी पहार उचलली.

"अहो, काय करताय! डोक्यात घण घातल्यासारखं होतं माशांना. चाळणीने काढा."

"बायको मिळाली ती पण हवालदार," असं पुटपुटत ते वाकले.

तोकुजीसान घरातून खायच्या सोड्याचा डबा घेऊन आले. "हा टाकतो. पटकन होईल."

"पटकनच नकोय. थंडीने आखडलेत ते. एका दिवसात पाणी पालटलं, तर त्यानेच मरतील."

त्यांनी डबा खाली ठेवला. मग आत जाऊन गोणी आणली आणि माझ्यासमोर धरून उभे राहिले. गाठ मी सोडली. शिंपले धुऊन जाळी भरली, तोंडाशी टांगली, डोंगराचा नळ थोडा जास्त सोडला. बर्फ काढता काढता दुपार झाली. मेलेला मासा त्यांनी स्वतः पुरला. तेव्हाही चेहऱ्यावर काही नव्हतं.

पुढे रोज जाऊन मी बघायचे. पिवळं. पिवळंच. मग पिवळ्यात जरा हिरवी झाक. सासूबाई सरळ झाली, पण एका जागी, दगडासारखी. कल्ले तेवढे हलायचे.

काल सकाळी पुन्हा दार वाजलं. तोकुजीसानांनी नळी उजेडात धरली.

"काय दिसतंय?"

"हिरवं," मी म्हटलं. "चांगलं हिरवं."

"मलाही हिरवंच दिसलं." ते नळीकडे बघत राहिले. "पण खरं वाटत नाही. ती अंगणातून रंग ओरडून सांगायची, तो ऐकला की मग मी खिडकी लावायचो."

"बसा, चहा टाकते."

"नको. एक काम होतं." त्यांनी टोपी काढली. "दर सोमवारी येईन. थेंब मी टाकतो. रंग तेवढा तुम्ही मोठ्याने सांगत जा."