जागा रिकामी, वापर नाही

ते प्रकरण आजही आठवतं. शांतपणे लिहायचं ठरवून बसले आहे, पण नातवंडांनो, राग काही आवरत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. खाडीकाठच्या आमच्या पोलीस ठाण्यात मी एकटीच बाई फौजदार. नवं शहर वसवणाऱ्या कार्यालयाने पुढच्या वसाहतींसाठी जागा हेरायला घेतल्या होत्या. नकाशावर मोकळा दिसणारा तुकडा निवडायचा, जागेवर जाऊन दोन पंचांसमक्ष पाहणी करायची, पंचनाम्यात 'जागा रिकामी, वापर नाही' असं लिहायचं आणि हद्दीवर आकडे घातलेले दगड रोवायचे. मग तो तुकडा नकाशावर पिवळा रंगवला जाई. पिवळा म्हणजे घरं.

एके दिवशी त्या कार्यालयाची तक्रार आली. रबाळ्याच्या खाडीकडच्या बाजूला, कोळीवाड्यालगतचे अकरा दगड चोरीला गेले होते. दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने सांगितलं, "बाई, दगड कुठं लपवलेले नाहीत. बायकांनी जाळ्यांवर वजन म्हणून ठेवलेत." बायकांचं प्रकरण म्हणून मला धाडलं.

खबर खरी होती. मैदानभर जुनी जाळी अंथरून त्यांवर जवळा वाळत घातला होता. जवळा म्हणजे माझ्या चटणीतून तुम्ही नाक मुरडत बाजूला काढता ती बारीक, सुकी कोळंबी. आणि जाळ्यांच्या कडेकडेने सरकारी आकड्यांचे दगड. त्यातल्याच एकावर गावातली सर्वांत वयस्क बाई बसली होती.

"हे दगड कोणी उपटले?"

"मीच. उठू का? आकडा बघाचा हाय?"

हवालदार हसला. मी हसले नाही. तिला अटक करून ठाण्यात आणलं.

"सरकारी मालमत्ता आहे ती," मी दरडावलं.

"आन खालची जमीन? माझ्या सासूची सासू तिथं जवला सुकवायची. पावसात होड्या बंद, तवा ये, गवत दिसल. बाकी आठ महिने पाय ठेवाला जागा नाय. रिकामी हाय असा कोन बोलला? त्याला आन माझ्यासमोर."

मागणी वाजवी होती. मी त्या पाहणीच्या पंचनाम्याची प्रत मागवली. तारीख जानेवारीतली, म्हणजे जवळ्याच्या ऐन हंगामातली. वेळ सकाळी अकरा. मजकूर : 'जागा रिकामी, गवत वाढलेले, वापर नाही.' खाली पहिल्या पंचाची सही पाहिली आणि माझे कान तापले. तो आमच्या ठाण्यासमोरचा चहावाला होता. त्याच दिवशी, त्याच वेळी, दिघ्यातल्या एका चोरीच्या पंचनाम्यावरही त्याची सही होती, आणि तो पंचनामा माझ्या हातचा होता.

मी त्याला बोलावून घेतलं. "एकाच वेळी तू दिघ्यात आणि कोळीवाड्यात कसा?"

त्याने फडक्याला हात पुसले. "बाईसाहेब, मी कुठंच नव्हतो. गिऱ्हाईक होतं. आधी त्यांचा शिपाई कागद घेऊन आला, मग तुमचा हवालदार. दोघांना सही दिली. तुमीच म्हणता ना, उगाच जागेवर कशाला येतोस?"

म्हणत होते मी तसं. पंच शोधत उन्हातून हिंडायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

ठाण्याचे साहेब म्हणाले, "म्हातारीला समज देऊन सोडा. त्यांचा पंचनामा खोटा म्हणालात तर तुमचाही खोटा ठरेल. कशाला टेन्शन घेता?"

मी दोन्ही पंचनाम्यांचा अहवाल वर पाठवला. दिघ्याचा आरोपी सुटला. तो चोर होता याची मला आजही खात्री आहे. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला, आणि तो योग्यच होता. म्हातारीवरची केस बंद झाली, जागेच्या फेरपाहणीचा हुकूम निघाला. मी स्वतः कोळीवाड्यात जाऊन तिला सांगितलं, "आता खरं काय ते लिहितील."

फेरपाहणी अगदी नियमाने झाली. अधिकारी जातीने गेले. दोन पंच चिखल तुडवत जागेवर उभे राहिले आणि तिथेच त्यांनी सह्या केल्या. जागा रिकामी होती. गवत गुडघ्याएवढं होतं. तसंच लिहिलं गेलं. महिना होता जुलै.

मी त्या कार्यालयात जाऊन भांडले. "मॅडम, तुमच्याच अहवालावरून केली की फेरपाहणी!" कारकून म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला नाही. जागा पिवळीच राहिली.

आकड्यांचे दगड पुन्हा रोवले त्या दिवशी बंदोबस्ताला मीच होते. म्हातारी माझ्याजवळ आली. "तू तर बोललीस, खरा लिवतील."

लिहिलं होतं ते खरंच होतं.

उरलेल्या नोकरीत कुठलाही पंचनामा समोर आला की मी सह्यांच्या आधी तारीख वाचत असे. तेवढं मी शिकले. माझ्या त्या शिकण्यापायी मैदान गेलं ते तिचं. तिथे आता चार मजली इमारती आहेत, आणि गच्च्यांवर कपडे वाळत असतात.